वॉर्सातलं 'जुनं' शहर आणि आमचं भांडण

परवा रात्री बर्लिनहून ट्रेनने वॉर्साला आलो आणि काल अख्खा दिवस ओल्ड टाऊनमध्ये नुसतं भटकलो. तिथल्या गोट्यांच्या रस्त्यांवर कितीही भारी शूज घाला, संध्याकाळी पायांची वाट लागतेच.

सकाळी सव्वाअकराला राजवाड्याच्या घड्याळाच्या मनोऱ्यातून एक माणूस तुतारी वाजवतो, तेवढ्यासाठी नवऱ्याला नाश्त्यावरून ओढून आणलं. सव्वाअकराच का, तर 17 सप्टेंबर 1939 ला जर्मन बॉम्बहल्ल्यात राजवाडा पेटला आणि हे घड्याळ तेव्हा 11:15 वर बंद पडलं, म्हणून. समोरच झिग्मुंट राजाचा उंच खांब, ह्याच राजाने पोलंडची राजधानी क्राकोहून इथे आणली. खांब मूळचा 1644 चा, पण 1944 मध्ये जर्मनांनी पाडला. वरचा राजा वाचला, त्याला 1949 मध्ये नवीन खांबावर चढवला आणि जुन्या खांबांचे भलेमोठे तुकडे राजवाड्याच्या बाजूला गवतात तसेच आडवे ठेवलेत. मी हात लावून बघितला, कडा उडालेल्या, एका ठिकाणी अख्खा टवका निघालेला. काल जे जे बघितलं त्यात खरंखुरं जुनं म्हणावं असं हेच जास्त वाटलं मला.

कारण बाकी सगळं 'नवीन' आहे! ऑगस्ट 1944 मध्ये वॉर्साच्या लोकांनी उठाव केला, तो 63 दिवस चालला आणि मग जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे, म्हणजे घर घर करत, उडवलं. जुना भाग 85 टक्क्यांहून जास्त गेला. आज आपण ज्या चौकात आइस्क्रीम खातो, ती रंगीत घरं, त्यांच्यावरची नक्षी, हा सगळा चौक 1953 ला परत उभा केलेला आहे.

हे मी वाचून दाखवलं तर नवरोबा म्हणतात, "म्हणजे डुप्लिकेट. आपण एवढे पैसे खर्चून सेट बघायला आलो काय?"

झालं, इथून जे भांडण लागलं ते जेवणापर्यंत. मी म्हटलं, अरे नुसतं अंदाजाने नाही बांधलेलं, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी एकेक घर मोजून ड्रॉइंग्ज काढली होती, ती लपवून ठेवली होती, शिवाय अठराव्या शतकातल्या बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने शहराची इतकी बारीक चित्रं काढून ठेवली होती की त्यावरून इमारती उभ्या केल्या, ढिगाऱ्यातल्या विटा आणि कोरीव दगड परत वापरले, आणि 1980 ला युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते ह्या परत बांधण्यासाठीच. त्यावर हा म्हणतो की घरांच्या तोंडावरची बरीच रंगकामं तर पन्नासच्या दशकातल्या चित्रकारांनी आपल्या डोक्याने केली, आत साधे फ्लॅट आहेत, मागचे दाटीवाटीचे भाग तर बांधलेच नाहीत. हे सगळं खरंच आहे, त्याने पण गुपचूप फोनवर वाचलं होतं. पण माझं म्हणणं, त्याने काय बिघडलं? लोकांना उजेड हवा होता, त्यांनी उजेड येईल असं बांधलं. वरच्या खिडकीत एक आजी सतरंजी झटकत होती, सेटमध्ये कोणी सतरंजी झटकतं का! आमच्याकडे आजोळचा वाडा धडधाकट असताना पाडून पार्किंगवाली बिल्डिंग केली, आणि तेव्हा कोणी मापंसुद्धा घेतली नाहीत, हेही ऐकवलं त्याला. त्यावर मात्र गप्प बसला. (ती बिल्डिंग त्याच्या मामेसासऱ्यांनी केली, म्हणजे माझ्याच मामाने, त्यामुळे माझाही आवाज जरा खालीच होता.)

कानोनिया नावाच्या छोट्या चौकात एक तडा गेलेली जुनी घंटा जमिनीवर ठेवलेली आहे, तिला तीन फेऱ्या मारल्या की नशीब फळफळतं म्हणे. मी मारल्या. हा बाकावर बसून "मारुतीला कधी मारत नाहीस" म्हणाला. तटबंदीच्या बाहेर मात्र दोघंही थांबलो, तिथे उठावातल्या मुलांचं स्मारक आहे, एका एवढ्याशा पोराच्या डोक्यावर मोठ्या माणसाचं हेल्मेट, पायात मोठ्या माणसाचे बूट, हातात बंदूक. तिथे फोटो काढायचं मला जमलं नाही, त्यानेही काढला नाही.

जेवण एका बार म्लेच्नीमध्ये, म्हणजे साम्यवादी काळापासूनची स्वस्त खाणावळ. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचे पिएरोगी, करंजीच्या आकाराचे, वर परतलेला कांदा. तिखट औषधालाही नाही. पर्समधली चटणीची पुडी काढली, तेव्हा भांडण मिटलं.

दुपारी मी त्याला मुद्दाम मोंते कासिनो स्मारकाकडे (दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या लढाईत लढलेल्या पोलिश सैनिकांचं) नेलं, ओल्ड टाऊनपासून चालत जाता येतं. त्याच्याजवळ वळिवड्याच्या छावणीची आठवण म्हणून 2017 मध्ये फलक लावलाय. हो, आमच्या कोल्हापूरजवळचं वळिवडे! सोव्हिएत रशियाने सायबेरियात हाकललेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, जास्त करून बायका आणि मुलं, इराणमार्गे तिकडे येऊन 1943 ते 1948 राहिले होते, शाळा, चर्च सगळं होतं छावणीत. त्यांच्या देशाची राजधानी इकडे जळत होती तेव्हा ही पोरं पंचगंगेच्या बाजूला शाळेत जात होती, हे डोक्यात बसायलाच वेळ लागला. तिथूनच पप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि फलक दाखवला, तर म्हणाले, "त्यात काय, महावीर गार्डनमध्ये पण त्यांचा खांब हाय, मी रोज त्याच्या शेजारनं फिरायला जातो की. जेवलाय काय तुम्ही?"

नवरा नाशिकचा, त्याला हे काहीच माहीत नव्हतं, परत येताना रस्ताभर वळिवड्याबद्दल विचारत होता. डिसेंबरमध्ये गेलो की दाखव म्हणाला. आज राजवाडा आतून बघायचाय. तो तर 1971 ते 84 मध्ये बांधलेला, म्हणजे ह्याचं डुप्लिकेट प्रकरण परत सुरू होणार.