गिरणारे, काश्यपीचे खोरे आणि अंजनेरी

आज पहाटे नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूने गिरणारे आणि तिथून काश्यपी नदीच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल (खडी-मुरमाच्या कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) चालवली. डांबर सोडून द्राक्षबागांमधल्या मुरमाच्या गाडीवाटेला लागल्यावर ४० मिलिमीटर रुंद टायरमधली थोडी हवा कमी केली, आणि मघापासून हँडलमधून मनगटापर्यंत पोहोचणारे हादरे निवळून टायरखाली चिरडणाऱ्या खड्यांचा कुरकुर आवाज तेवढा उरला. शर्यतीची अरुंद टायरची सायकल इथे आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परतताना अंजनेरीच्या पायथ्याशी बराच वेळ थांबलो. गोदावरीचा उगम जिथे होतो तो ब्रह्मगिरी इथून जवळच आहे. अंजनेरीचेच नाव मिळालेली ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही अत्यंत दुर्मीळ वनस्पती याच डोंगरावर वाढते. म्हणून मळलेली वाट सोडून गवतातून सायकल घालू नये, ही सर्व सायकलस्वारांना कळकळीची विनंती.

पुढच्या रविवारी दिंडोरीच्या दिशेने, १६८२ पासून मुघल फौजांना वर्षानुवर्षे दाद न देणाऱ्या रामशेज किल्ल्याकडे जाणार आहे. सोबत येणाऱ्यांनी जरूर कळवावे.