आईचे कपाट आवरताना
दसऱ्यापूर्वीच्या आवराआवरीत आईचे लाकडी कपाट मी प्रथमच पूर्ण रिकामे केले. सगळे पलंगावर मांडल्यावर लक्षात आले, की निम्म्याहून अधिक कपडे केवळ ‘असू दे, कधीतरी लागेल’ या एका वाक्यावर टिकून होते.

सर्वाधिक वेळ पैठण्यांना दिला. जरीतील चांदी हवेतील गंधकयुक्त वायू आणि दमटपणा यांमुळे काळवंडते, तर रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिल्याने चिरते. म्हणून प्रत्येक साडीला सावलीत वारा देऊन, तिची घडी बदलून, ती धुतलेल्या मलमलीत गुंडाळली आणि डांबराच्या गोळ्या जरीला थेट लागू नयेत म्हणून वेगळ्या पुरचुंडीत बांधल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या, ज्यांवर आपण उगाच इतका विश्वास ठेवतो, ओलावा आत कोंडतात. त्या सगळ्या काढून टाकल्या.

न वापरलेली पातळे नात्यातल्या दोघींनी आनंदाने नेली. विरलेल्या सुती नऊवारी मात्र बोहारणीला देववल्या नाहीत. आईच्या अंगाची ऊब ज्यांत मुरली आहे, त्या लुगड्यांची मी गोधडी शिवून घेणार आहे.

आता खालचा एक कप्पा मोकळा झाला आहे, आणि तो मी तसाच ठेवणार आहे.