सांगून निघा

"पोरगं झोपल्यावर निघू, की उठवून सांगून निघू?"

आजऱ्याकडच्या जिल्हा परिषद शाळांत शिकवून मी निवृत्त झाले, तरी गणपती संपले की हा प्रश्न येतोच. मुंबई-पुण्याहून आलेले आईबाप परत निघतात, मूल आजीजवळ राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: उठवा. रडेल, रडू द्या. पण सांगून निघा.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातून तेव्हा कितीतरी माणसं गिरणगावात असायची. खाणावळीत जेवायची, एकेका गाळ्यात पाळीपाळीनं झोपायची. मनिऑर्डरीच्या तुकड्यावर दोन ओळी यायच्या, तेवढीच खुशाली. मी सहा वर्षांची असताना वडील आजारी पडले आणि आईही मुंबईला गेली, वर्षभरासाठी. पहाटेच्या एस.टी.नं गेली, मी झोपेत असताना. मला त्रास नको म्हणूनच. त्यानंतर कित्येक महिने मी झोपायलाच भ्यायचे. डोळा लागला की आज्जीही जाईल असं वाटायचं, म्हणून तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून पडायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढं वडील गावी येऊन राहिले. घरात पैशाची ओढाताण होती, पण मी मनातून खूश होते. त्या खुशीचं मला मोठेपणी फार वाईट वाटलं. आता वाटत नाही.

मूल लांब ठेवलं म्हणजे ते वाया जाईल, ही भीती मात्र बाळगू नका. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं आणखी वसतिगृहं झाली. घरापासून लांब राहून शिकलेली माणसं कोल्हापूरला नवीन नाहीत. मुलाजवळ हक्काचं कोणीतरी हवं आणि त्याला कळलेलं खरं असावं, एवढं बघा.

"लवकर येते" हे मुलाला कळत नाही. शिमग्याला येणार असाल तर शिमगा म्हणा, कॅलेंडरवर खूण करून द्या. जमणार नसेल तर तारीख देऊच नका. फोनवर आधी अभ्यासाचं विचारू नका. म्हैस व्याली का, डब्यात काय होतं, कुणाशी भांडलास, हे विचारा. आणि आज्ज्यांनो, तुमचे गुडघे दुखतात, जीव मेटाकुटीला येतो, सगळं खरं. तरी "दंगा केलास तर आई येणारच नाही" असं कधी म्हणू नका. पोरं ते खरं धरतात. माझ्या वर्गातली एक मुलगी त्या धाकानं आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती.

आईचा विषय काढला की मूल रडतं, म्हणून घरात कुणी तिचं नावच काढत नाही. त्यानं मूल आणखी एकटं पडतं.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या शिवारात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं 'कोयता' म्हणतात. त्यातली एक ताई माझ्याकडे फोन चार्जिंगला ठेवते. तिची मुलगी गावी आज्जीजवळ असते, हंगामी वसतिगृहात जेवते, शाळा बुडत नाही. ठरलेल्या वेळी फोन करा, असं मी तिला एकदा सांगून बसले. पहाटे फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, गेलेली बाई, रात्री गाडी भरेपर्यंत मोकळी होत नाही. तिनं कुठली वेळ ठरवायची? परत जायची तारीखही तिच्या हातात नाही, कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, त्यावर सगळं. म्हणून ती लेकीला तारीख सांगत नाही, फड सांगते. मुकादमानं दाखवलेले किती झाले, किती उरले. लेक तिकडं वहीत रेघा ओढते.

परवा फोन न्यायला आली, तेव्हा दारातच बोलत उभी होती, "आता तीनच फड राह्यलेत, माय."