तुम्ही विचारलंत म्हणून: 'होटेप' म्हणजे नैवेद्य की शांती?

प्राचीन इजिप्तची चित्रलिपी मी वाचतो हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. इम्होटेप, आमेनहोटेप या नावांतल्या 'होटेप'चा अर्थ एका ठिकाणी 'शांती' दिलेला असतो, दुसरीकडे 'नैवेद्य'. मग खरा कोणता?

दोन्ही खरे. मराठी माणसाला हे पटकन कळतं, कारण आपले 'प्रसन्न' आणि 'प्रसाद' एकाच धातूतले. प्रसाद म्हणजे आधी मनाची प्रसन्नता, देवाची कृपा. हातावर पडणारा शिरा नंतरचा. होटेपही मुळात क्रियापद: तृप्त होणं, निवणं, विसावणं. सूर्य मावळतो तेव्हाही हेच क्रियापद. आणि ज्यानं देव किंवा गेलेलं माणूस तृप्त होतं, त्या अन्नालाही हाच शब्द. आमेन हा त्यांचा एक मोठा देव; आमेनहोटेप म्हणजे 'आमेन प्रसन्न आहे'.

ते लिहायचं चिन्ह मला फार आवडतं. लव्हाळ्याची चटई आणि तिच्यावर ठेवलेली एक भाकरी, बस. पुढे नैवेद्याचे दगडी पाट आले, तर तेही कित्येकदा याच आकारात कोरलेले. (स्वर लिहायची पद्धत नव्हती, ह-त-प एवढंच. म्हणून काही जण 'हेतेप' म्हणतात. कॉप्टिक भाषेत, म्हणजे इजिप्शियनच्याच शेवटच्या रूपात, तो 'होत्प' होऊन राहिला: समेट होणं, सूर्य मावळणं.)

देवळात देवापुढे ठेवलेलं अन्न नंतर पुजाऱ्यांत वाटलं जाई. थडग्यांवर मात्र एक वाक्य कोरलेलं असतं, 'हेतेप दि नेसू', म्हणजे राजानं दिलेला नैवेद्य. 'जुन्या राज्या'पासून, म्हणजे मोठे पिरॅमिड बांधले गेले त्या काळापासून, दोन हजारांहून अधिक वर्षं ते लिहिलं गेलं. त्या ओळीत पुढे ओसायरिस किंवा अनुबिस या मृतांच्या देवांपैकी कुणाचं नाव, मग मागणी: हजार भाकऱ्या, हजार घडे बिअर, बैल, पक्षी, तलम कापड, अमक्याच्या 'का'साठी. 'का' म्हणजे माणसाची जीवनशक्ती. तिला मेल्यानंतरही अन्न लागे.

घरातली माणसं कधीतरी संपणार, रोजची भाकरी थांबणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून काही शिळा येणाऱ्याजाणाऱ्यालाच विनवतात: हे मोठ्यानं म्हण, तुझा नुसता तोंडचा श्वास खर्च होईल. उच्चारलं की नैवेद्य पोचला. अशा नैवेद्याला त्यांचा शब्दच 'पेरेत-खेरू', आवाजाचं बाहेर पडणं.

संग्रहालयात अशी शिळा दिसली की मी ती ओळ हळू आवाजात वाचतो. नाव शाबूत असेल तर नावासकट.