पडल्यावर लगेच उठवू नका हो

गोव्यात पाऊस सुरू झाला की चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि कोणीतरी घसरतंच, मग बाकीचे हात धरून उठवायला धावतात, ते आधी थांबवा. मान-पाठ दुखतेय, हातापायांना मुंग्या येतायत तर अजिबात हलवायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्सचा 108 लावायचा.

डोक्याला लागलं तर टेंगूळ केवढं आलंय यावर जाऊ नका. शुद्ध गेलेली का, परत परत उलट्या, तेच तेच विचारणं, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एक जरी दिसलं तरी जवळची कॅज्युअल्टी गाठा, म्हापसा, मडगाव नाहीतर बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल). आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल ना तर माणूस मस्त गप्पा मारत असला तरी दाखवायचंच, डोक्यातला रक्तस्राव कधीकधी काही दिवसांनी कळतो.

म्हाताऱ्या माणसाचा पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, टेकवता येत नाही म्हणजे बहुतेक खुब्याचं हाड मोडलंय. तेल चोळू नका (शेजारच्या काकी बाटली घेऊनच येतात!), चहासुद्धा नको, ऑपरेशन लागू शकतं नि त्याला पोट रिकामं लागतं.

नुसता मुका मार असेल, नीट चालता येत असेल, तर बर्फ फडक्यात गुंडाळून लावा नि दिवसभर लक्ष ठेवा.