फ्ताग्न म्हणताना जीभ अडली पाहिजे

आमच्या इंदूरच्या रामबागेत आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि एकेक जण कथा वाचतो. माझ्या पाळीला मी अमेरिकी भयकथाकार लवक्राफ्टची 'द कॉल ऑफ क्थुल्हू' मराठीत आणायचं ठरवलं. १९२८ साली 'विअर्ड टेल्स' मासिकात आलेली ही भयकथा, समुद्रात बुडालेल्या र्ल्येह नगरीतल्या क्थुल्हू या अक्राळविक्राळ देवाची. गोष्ट पंधरा दिवसांत उतरली. एका ओळीनं मात्र पुढचा महिना घेतला.

ती ओळ माणसाच्या भाषेतली नाही. कथेत लुइझियानाच्या दलदलीत पोलिसांनी पकडलेले क्थुल्हूचे भक्त ती घोळवत असतात, आणि तिकडे ग्रीनलंडमध्येही एका प्राध्यापकाला जवळपास तीच ओळ ऐकू आलेली असते. मी सरळ लिहिलं : 'फंगलुई मगलवनाफ कथुल्हू रल्येह वगाहनागल फताग्न'. घरी वाचून दाखवलं तर भाची खुदकन हसली. म्हणाली, "मामा, आमच्या 'च'च्या भाषेसारखं आहे!"

खरं होतं तिचं. आपल्या लिपीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात 'अ' बसलेला. तो ओळीत शिरला की जीभ कुठे अडतच नाही. मग मी पाय मोडायला सुरुवात केली : 'म्ग्ल्व्'. कागदावर जोडाक्षरांची दाटी झाली, डोळा अडखळला, हे बरं झालं. मूळ ओळीत मध्ये मध्ये स्वल्पविरामासारख्या खुणा आहेत, त्यांच्या जागी अवग्रह घालून पाहिला. पण 'काऽय' वाचायची सवय असलेला माणूस ऽ दिसला की सूर लांबवतो, आणि मला तर श्वास तुटायला हवा होता. शेवटी छापील प्रतीवर पेन्सिलीनं उभ्या रेघा मारल्या. रेघ आली की घसा बंद.

तरी ऐकताना काहीतरी चुकतच होतं. माझे एक मामा पौरोहित्य करतात. एका रविवारी पोहे खाऊन झाल्यावर कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा मनात वाचला, मग म्हणाले, "तू हे मंत्रासारखं म्हणतोयस. मंत्रात उच्चार शुद्ध लागतो. इंद्राला मारणारा हवा म्हणून केलेल्या यज्ञात 'इंद्रशत्रु'चा स्वर चुकला, आणि इंद्राच्या हातून वृत्रच मारला गेला. पण हे ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांना तरी नीट म्हणता येत असेल का?"

मला एकदम लवक्राफ्टचं १९३४ मधलं पत्र आठवलं. त्यात तो सांगतो की क्थुल्हू हे नाव माणसाच्या गळ्यासाठी घडलेलंच नाही. माणसाला जमेल तितकं जवळ जायचं तर 'ख्लुल्-ह्लू' असं काहीसं, पहिलं अक्षर घशातून, जाड. म्हणजे कागदावरचे शब्द हीच मुळात माणसानं केलेली अपुरी नोंद. मी महिनाभर बरोबर उच्चार शोधत होतो, आणि तो कुणापाशीच नव्हता. दलदलीतल्या त्या भक्तांपाशीसुद्धा नाही. मला भीती वाटली ती इथे, कथा पहिल्यांदा वाचली तेव्हाही वाटली नव्हती इतकी.

मग तालीम सोपी झाली. चौघांना ओळ दिली आणि सांगितलं, एकमेकांचं ऐकून जुळवू नका. दोघे दाराशी, दोघे खिडकीशी. प्रत्येकानं आपापल्या घशानं जावं तितकं जावं आणि 'फ्ताग्न'वर थांबावं. अर्थ मी मागे ठेवला. कथेतही तो नंतरच कळतो, पकडलेल्यांपैकी काहींनी इन्स्पेक्टरला सांगितल्यावर.

वाचनाच्या संध्याकाळी चौघांचे चार उच्चार एकमेकांवर आदळले. एकाचा 'ल्व्' पार घशात अडकला, तालमीत कधी न आलेला ओला आवाज निघाला. तो स्वतःच दचकला. मी पाच-सहा श्वास जाऊ दिले आणि साध्या घरगुती मराठीत वाचलं : "र्ल्येहमधल्या आपल्या घरी मेलेला क्थुल्हू स्वप्न पाहत वाट बघतोय."

भाची पहिल्या रांगेत होती. तिनं आईचा हात धरला होता.