आधी लहान भिंग

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहायचंय असा मेसेज ग्रुपवर आला आणि मला एकदम जीवशास्त्राच्या बाईच आठवल्या. गॅदरिंग, सहली, कबड्डी यावर बाकीचे लिहितीलच, मी बाईंवर लिहिणार.

नववीत बाई एकदा ओल्या हळदीचा गड्डा घेऊन आल्या. हळद म्हणजे आपल्या सांगलीची घरचीच वस्तू, पण ती आतनं कुणी बघितली होती? बाईंनी अर्ध्या ब्लेडनं काप काढले, पाण्यात सोडले, त्यातला सगळ्यात पातळ ब्रशनं उचलून काचेवर ठेवला, वर आयोडीनचा थेंब. पिष्टाचे कण निळेकाळे दिसायला लागले आणि आम्हाला सगळ्यांना लगेच मोठं भिंग फिरवायची घाई. बाईंनी मायक्रोस्कोपवर हातच ठेवला. "आधी लहान भिंग. सगळीकडं फिरून ये, कडेला काय आहे ते मला सांग, मग जवळ जा." सांगितल्याशिवाय मोठं भिंग मिळायचंच नाही, तास संपला तरी नाही.

पुढं मिरजेला एमबीबीएस, मग पॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातले तुकडे तपासून रोग ओळखण्याच्या शास्त्रात, एमडी, आता मी मेडिकल कॉलेजात शिकवते आणि पोटा-आतड्याचे कॅन्सर हा माझा विषय. सर्जननी काढलेलं आतडं फॉर्मलिनमधनं आमच्याकडं येतं, चरबीत बोटांनी चाचपून लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर पसरलाय का हे जिथं बघतात त्या बारीक ग्रंथी, शोधायचे, किमान १२ तरी तपासायचे, मग मेणात बसवून ३-४ मायक्रॉनचे, केसाहून कितीतरी पातळ काप. कॅन्सर आतड्याच्या भिंतीत किती खोल शिरलाय ते लहान भिंगाखालीच नीट कळतं. बाई हे हळदीवर शिकवून गेल्या होत्या हो!

माझं संशोधन लिंच सिंड्रोमवर आहे, म्हणजे घराण्यात चालत येणारा आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर. याची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेत ॲन आर्बरला झाली, वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टकडं शिवणकाम करणारी बाई म्हणाली की आमच्या घरातले बरेच जण कॅन्सरनं गेले, मीही तशीच जाणार. ती खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. वॉर्थिननी तिचं सगळं घराणं शोधून काढलं आणि १९१३ ला छापलं. नुसती गाठ बघून ते थांबले नाहीत, मला तर यातही आपल्या बाईच दिसतात. आज आम्ही गाठीवर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रोटीन्स तपासतो, एखादं गायब दिसलं की लिंचचा संशय येतो, मग जेनेटिक टेस्ट, आणि ती पॉझिटिव्ह आली की पेशंटच्या भावंडांना, मुलांनाही बोलवायचं.

आता स्लाईड स्कॅन होऊन स्क्रीनवर येते आणि माझे विद्यार्थी पहिल्याच सेकंदाला झूम करतात, मी लगेच हात पुढं करते. आपली ती लॅबपण आता राहिली नाही म्हणे, तिथं कम्प्युटर रूम झाली, ऐकून फार वाईट वाटलं. कम्प्युटर हवेतच, पण मुलांनी हळद कापायची कुठं? दोन मायक्रोस्कोप मी शाळेला देणार आहे, खिडकीजवळ एक टेबल तेवढं द्या.

आणि बॅचमधल्या सगळ्यांना एक सांगते. घरात जवळच्या दोघा-तिघांना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, त्यात कुणी पन्नाशीच्या आतलं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. लिंच निघालंच तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून गाठ कॅन्सर व्हायच्या आधीच काढता येते. माझा नंबर ग्रुपवर आहेच, कधीही फोन करा.